‘फॉरबिड’ला मराठीत काय म्हणाल?

एका इंग्रजी कथेचा अनुवाद करते आहे. वाक्य साधंच आहे. बाप मुलीला नदीवर जायला ‘फॉरबिड’ करतो, आणि पुढच्याच वाक्यात मुलगी नदीवर असते. मी लिहिलं, ‘वडिलांनी तिला नदीवर जाण्यास मज्जाव केला.’ सासूबाईंनी वाचून विचारलं, “मज्जाव केला, तर ही पोचली कशी?” मग ‘मनाई केली’, ‘प्रतिबंध केला’, ‘बंदी घातली’ सगळं लिहून खोडलं. घरात नगरपालिकेचा फलक लावल्यासारखं वाटतं. काय लिहू?

— सासूबाईंचा कान तयार आहे! मज्जाव म्हटलं की वाट अडवणं आलंच. ‘फॉरबिड’मध्ये ते नाही. तिथं अधिकारानं ‘करायचं नाही’ असं सांगणं एवढंच आहे, समोरचा ऐको न ऐको. प्रत्यक्ष अडवायला इंग्रजीत ‘प्रिव्हेंट’ आहे.

शब्दाचं मूळही हेच सांगतं. जुन्या इंग्रजीत ‘बेओदन’ म्हणजे जाहीर करणं, हुकूम देणं. ‘फॉर’ हा उपसर्ग लागला की तो हुकूम उलटा होतो. जर्मनमधलं ‘फेरबोटन’ त्याचंच भावंडं. गंमत म्हणजे हा ‘बेओदन’ आपल्या ‘बुध्’ धातूचा नातेवाईक आहे. बोध, बुद्ध आणि फॉरबिड एकाच कुळातले, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस दिसेल त्याला सांगत होतो. ‘बॅन’चंही तसंच. चर्चमध्ये लग्नाआधी जी जाहीर सूचना वाचतात, तिला इंग्रजीत ‘बॅन्स’ म्हणतात. तिथं बंदी कसलीच नाही, फक्त घोषणा. ‘प्रोहिबिट’ मात्र लॅटिनमधल्या ‘धरणे’ या क्रियापदापासून आलं, म्हणजे धरून ठेवणं, अडवणं. म्हणून कायद्याला ते शोभतं. मुंबईचा १९४९चा दारूबंदी कायदा काय किंवा अमेरिकेतली १९२० ते १९३३ची दारूबंदी काय, दोन्हीकडे ‘प्रोहिबिशन’च.

तुमच्या कथेतला बाप कायदा नाही. ‘बजावलं’ लिहा.

— बजावण्याशी सहमत, पण ‘माणूस फॉरबिड करतो आणि कायदा प्रोहिबिट’ ही वाटणी इतकी सरळ नाही. आपल्या राज्यघटनेच्या मूळ इंग्रजीत कलम १७ पाहा. अस्पृश्यतेचं आचरण ‘फॉरबिडन’ म्हटलंय. आणि सहाच कलमं पुढे, २३मध्ये, माणसांचा व्यापार आणि वेठबिगार ‘प्रोहिबिटेड’. तिथं काय ‘बजावलं आहे’ लिहिणार? ‘निषिद्ध’च हवं. संकेतस्थळावर ४०३ क्रमांकाची चूक येते, तिथंही ‘फॉरबिडन’च असतं. सर्व्हरला तुमची मागणी कळलेली असते, पण तो नाही म्हणतो. तिथं मी ‘परवानगी नाही’ म्हणेन.

जाता जाता : ‘निषिद्ध’ चालेल, पण ‘निषेध’ नको. हिंदीत ‘धूम्रपान निषेध’ ही मनाई असते. मराठीत तीच पाटी वाचली की कुणीतरी काळ्या फिती लावून सिगारेटविरुद्ध घोषणा देतंय असं वाटतं. आणि संगीतात आपण ‘वर्ज्य’ म्हणतो. मालकंसात रिषभ-पंचम वर्ज्य, तिथं कोणी कोणाला बजावत नाही.

— कलम १७चा मुद्दा मान्य. माझी वाटणी कथा-कादंबरीपुरती धरा.

— मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून व्याकरणाचं थोडं. ‘फॉरबिड’नंतर ‘टू’ लावतात, ‘प्रोहिबिट’नंतर ‘फ्रॉम’. हल्ली ‘फॉरबिड फ्रॉम’ही सर्रास दिसतं. पण मुलांच्या वह्यांत खरी चूक वेगळीच असते, ती म्हणजे ‘फॉरबिड’ लिहून पुढे पुन्हा ‘नॉट’. ती चूक मराठीतून येते. आपण ‘जाऊ नको म्हणून मना केलं’ असं बोलतो, नकार दोनदा आला तरी अर्थ बिघडत नाही. इंग्रजीत त्याच वाक्यात बाप मुलीला नदीवर जाच म्हणतो! भूतकाळी रूपाचा जुना उच्चार ‘फरबॅड’, ‘फरबेड’ही चालतो.

— आणि ‘स्पेस फॉरबिड्स’ असं आलं तर? तिथं सांगणारं कोणीच नाही.

— त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे : विस्तारभयास्तव. किंवा नुसतं ‘जागेअभावी’. ‘गॉड फॉरबिड’ला ‘देव न करो’. दोन्हीकडे मनाई हा शब्दसुद्धा लागत नाही.

— सगळ्यांचे आभार. शेवटी असं केलं : ‘नदीकडे फिरकायचं नाही, असं बापानं बजावलं होतं. ती नदीवर होती.’ सासूबाईंनी पास केलं. फक्त ‘बापानं’चं ‘बाबांनी’ करायला लावलं.