अनुभव धागा : सिरोस बेटावरचं आनो सिरोस, कोण कोण चढून आलंय?

ग्रीसचं नाव काढलं की प्रत्येकाला सँटोरिनीचे निळे घुमट आठवतात. गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं ते टाळून सिरोसला गेलो. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून साध्या बोटीने साडेतीन-चार तास. बोट एर्मूपोलीच्या बंदरात शिरते तेव्हा समोर दोन टेकड्या दिसतात. उजवीकडच्या टेकडीच्या माथ्यावर ऑर्थोडॉक्स चर्च, डावीकडच्या टेकडीवर कॅथलिकांचं आनो सिरोस. 'आनो' म्हणजे वरचं. तेराव्या शतकात व्हेनिसच्या अमलात हे गाव वसलं. खालचं एर्मूपोली 1820 च्या दशकातलं, ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात किओस, प्सारा अशा बेटांवरून जीव घेऊन पळालेल्यांनी उभारलेलं. वरच्या गावापुढे ते कालचं पोरच.

आता माझा शहाणपणा ऐका. खोली वर गावातच घेतली आणि सोबत चाकांची बॅग नेली. वेशीच्या आत गाडी जात नाही, आत नुसत्या पायऱ्या. चाकं खडखडत होती, नवरा तोंडाने काही बोलत नव्हता, पण त्याची पाठ बरंच काही बोलत होती. एका आजींनी खिडकी उघडली, बॅगेकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. तर, पाठीवरची सॅक न्या. तुम्ही गेला असाल तर लिहा, लहानसहान गोष्टीही चालतील.

दापोली, सध्या निवृत्त

मी फिरायला नव्हतो गेलो. जहाजावर सेकंड इंजिनिअर होतो आणि 2008 च्या एप्रिलमध्ये आमचं जहाज तिथल्या निओरिओन गोदीत दुरुस्तीला लागलं होतं. ही गोदी 1861 पासूनची. गोदीतलं जहाज म्हणजे काय ते खलाशालाच ठाऊक. एसी बंद, संडास किनाऱ्यावर, दिवसभर हातोडे आणि ग्राइंडर. रात्री डेकवर बिडी ओढायला आलो की समोर ती टेकडी दिव्यांनी भरलेली. पाचव्या-सहाव्या दिवशी आमच्या फिलिपिनो फिटरला म्हटलं, चल वर जाऊन येऊ.

बंदरापासून सरळ पायऱ्याच धरल्या. मोजायला सुरुवात केली होती, पण दम लागला तसा आकडा हुकला. वर गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन्ही घरांना लागतात. काही ठिकाणी तर घरच गल्लीवर आलेलं, त्याच्या पोटाखालून वाकून जायचं. चाचे लोकांसाठीच ही रचना, असं एका म्हाताऱ्याने मोडक्या इंग्रजीत सांगितलं. कडेची घरं एकमेकांना चिकटवून पाठीच्या भिंतींचाच तट केलेला, आणि आत शिरलाच कोणी तर त्याला वाट सापडू नये. आम्हाला तरी कुठे सापडली! त्याच मांजराला तीनदा भेटलो.

माथ्यावर सेंट जॉर्जचं कॅथेड्रल. फिटर पक्का कॅथलिक, हात पुसून आत गेला आणि बाहेर आला तो गोंधळलेला. म्हणाला, "सेकंडसाब, आपण जहाजावर ईस्टर केला ना? मग यांचे उपास अजून कसे चालू?" मला काय माहीत. म्हटलं, इकडे उशिरा होत असेल. खाली उतरेपर्यंत तो त्याच विचारात होता.

पुणे

गुडघे दुखत असतील तर एर्मूपोलीहून बस वरच्या वेशीपर्यंत जाते. आईला तशीच नेली. पुढे थोड्या पायऱ्या आहेतच, पण सावकाश जमतं. संगमरवर झिजून गुळगुळीत झालाय, पावसात जपून.

वसई

आमच्याकडे मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) मराठीत होतो हे ऐकून जसे पुण्याचे लोक चकित होतात, तशी मी आनो सिरोसला झाले. लॅटिन पंथाचं चर्च, आणि प्रार्थना ग्रीकमध्ये. ग्रीस म्हणजे ऑर्थोडॉक्स, एवढंच डोक्यात होतं. तुर्कांच्या काळात इथल्या कॅथलिकांना फ्रान्सच्या राजाचं संरक्षण होतं, कापुचिन आणि जेझुइट मठ आजही गावात आहेत. या लोकांना ग्रीकमध्ये 'फ्रांगोस' म्हणतात. तोंडात घोळवून बघा. फ्रँक, फ्रांगोस, आपला फिरंगी! मूळ शब्द एकच, फारसीमार्गे इकडे आला इतकंच. पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर राहून, घरात ग्रीक बोलून फिरंगी म्हणवून घ्यायचं, हे वसईकराला कोणी समजावून सांगायला नको.

मी गेले ते पवित्र आठवड्यात. सिरोसचे कॅथलिक ईस्टर रोमच्या तारखेला करत नाहीत, ऑर्थोडॉक्स शेजाऱ्यांबरोबर त्यांच्याच तारखेला करतात. शुक्रवारी रात्री खालच्या मिआउली चौकात ऑर्थोडॉक्सांच्या फुलांनी सजवलेल्या पालख्या निरनिराळ्या चर्चमधून येऊन भेटतात (पालखी हा माझा शब्द, ते एपितेफिओस म्हणतात). वर आमच्यांचीही मिरवणूक असते. मी वरून खाली बघत होते. चौकात मेणबत्त्यांचा नुसता सडा. शेजारी उभ्या बाईंनी न विचारता माझ्या हातात एक मेणबत्ती दिली.

डोंबिवली, हार्मोनियमवाला

मार्कोस वाम्वाकारिसचं नाव अजून कोणी कसं घेतलं नाही? रेबेतिको म्हणजे ग्रीसच्या शहरी गोरगरिबांच्या संगीताचा हा बाप माणूस 1905 मध्ये इथेच जन्मला, कॅथलिक घरात. पोरवयात पिरेअसला पळाला, गोदीत ओझी वाहिली, कत्तलखान्यात राबला आणि बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य वाजवायला शिकला. गावात त्याचा अर्धपुतळा आणि लहानसं संग्रहालय आहे. मी गेलो ते त्याच्यासाठीच. रेबेतिकोमधल्या स्वरपंक्तींना ते 'द्रोमोस' म्हणजे रस्ता म्हणतात. हिजाज नावाच्या रस्त्याचे स्वर आपल्या बसंत मुखारीचे, आणि हिजाजकारचे भैरवाचे. चाल अर्थातच वेगळी, राग म्हणू नका. पण संध्याकाळी एका टॅव्हर्नात बुझुकीवर कोमल रिषभ लागला आणि माझी बोटं टेबलावर फिरायला लागली.

नाशिक, शाकाहारी

उपाशी राहिलो नाही. 'फावा' मागवा. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा, लिंबू, ऑलिव्ह तेल. नवऱ्याने वर भात मागितला, त्याकडे दुर्लक्ष करा. केपरची (एका झुडपाच्या खारवलेल्या कळ्यांची) कोशिंबीर खारट पण छान. सान मिखाली चीज महाग आहे, तरी घ्या. खाली बंदरावर लुकुमी (पिठीसाखरेत घोळलेली मऊ मिठाई) मिळते आणि हल्वादोपिता, म्हणजे दोन पातळ पापुद्र्यांत चिकट नूगा. दाताला कॅप असेल तर लांबूनच बघा.

अबुधाबी

मला नाही आवडलं, प्रामाणिकपणे. ऑगस्टमध्ये गेलो. मेल्तेमी, म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा वारा, इतका की बोटी रद्द, दीड दिवस अडकलो. दुपारी दोन ते पाच गावात चिटपाखरू नाही. सगळे झोपलेले आणि आपण उन्हात पायऱ्यांवर. तिसऱ्या दिवशी वारा पडला तेव्हा वरून तिनोस, दिलोस, मिकोनोस स्पष्ट दिसले, ते मात्र मान्य.

दापोली, सध्या निवृत्त

वसईच्या ताई, तुमचं वाचून कॅलेंडर काढलं. 2008 मध्ये रोमचा ईस्टर 23 मार्चला आणि ऑर्थोडॉक्स 27 एप्रिलला. फिटरचा नंबर अजून आहे माझ्याकडे, काल त्याला कळवलं. उत्तर आलं : "म्हणजे सेकंडसाब, त्यांच्या उपासात मी चर्चच्या पायरीवर बसून चिकन सँडविच खाल्लं!"