एका परदेशी सत्रासाठी पदवी वर्षभर लांबवावी का?

माझी भाची पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला पुढील वर्षी विद्यार्थी-आदानप्रदान योजनेतून जर्मनीत एक सत्र शिकण्याची संधी आहे, मात्र त्यामुळे पदवी वर्षभर लांबेल. ज्यांनी असा निर्णय घेतला किंवा विचारपूर्वक टाळला, त्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

अभियंता, पुणे
मी तिसऱ्या वर्षात गेले होते. जर्मनीतील हिवाळी सत्र 1 ऑक्टोबर ते 31 मार्च असे धरले जाते आणि बहुतेक परीक्षा फेब्रुवारीच्या सुमारास होतात. आपल्याकडे मात्र जुलै-ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या सत्राची परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये उरकून जानेवारीत पुढचे सत्र सुरूही झालेले असते. त्यामुळे जायचे एका सत्रासाठी, पण बुडतात दोन, हे घरच्यांना समजावताना माझी खूप दमछाक झाली. महाविद्यालयाने तिथले विषय ग्राह्य धरण्याचे तोंडी कबूल केले होते. परतल्यावर पाचपैकी दोनच मान्य झाले आणि उरलेले मी मागच्या तुकडीबरोबर बसून पूर्ण केले. 'वायडी लागली का?', म्हणजे नापास होऊन वर्ष वाया गेले का, हा प्रश्न मला दोन वर्षे ऐकावा लागला आणि तो प्रत्येक वेळी बोचला. तरीही गेल्याचा पश्चात्ताप नाही, कारण अनेक विषयांत संपूर्ण सत्राची एकच परीक्षा असल्याने स्वतःचा अभ्यास स्वतः आखण्याची शिस्त मला तिथेच लागली. भाचीने प्रत्येक विषयाची मान्यता जाण्यापूर्वी लेखी घ्यावी, एवढे मी कळकळीने सांगेन.

जपानी भाषेचा पदवीधर
माझ्यापुढे पर्यायच वेगळा होता. जपानी भाषा आणि संस्कृतीच्या अभ्यासासाठी जपान सरकार देते ती वर्षभराची शिष्यवृत्ती पदवीचे शिक्षण चालू असणाऱ्यांसाठीच असते आणि परतून आपल्याच विद्यापीठात पदवी पूर्ण करायची असते. आधी पदवी घेऊन मग जाऊ म्हटले असते, तर ही वाट बंद झाली असती.

एक वडील, नाशिक
आम्ही मुलीला थांबवले. तिचे शिक्षण शुल्क माफ होते, परंतु राहण्याच्या खर्चापोटी दरमहा 992 युरो या हिशेबाने सहा महिन्यांचे जवळपास सहा हजार युरो व्हिसापूर्वीच खात्यात दाखवायचे होते, आणि त्याच वर्षी धाकट्याचा महाविद्यालयीन प्रवेश होता. ती पदवी घेऊन आता नोकरी करते आणि पुढच्या शिक्षणासाठी स्वतः पैसे साठवते आहे. आम्हाला दुसरे काही शक्य नव्हते, पण तिने तो नकार मुकाट्याने स्वीकारला, याची रुखरुख मला आजही आहे.

मूळ प्रश्नकर्ती
आपणा सर्वांचे अनुभव भाचीला वाचून दाखवले. लेखी मान्यतेचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. सोमवारी ती तिथल्या विषयांचा अभ्यासक्रम घेऊन विभागप्रमुखांना भेटणार आहे.