गेटजवळचे ब्लॉक परत खचले

ए-१ काकू: सकाळी फोटो टाकला, आठ जणांनी अंगठा दाखवला, बोललं कुणीच नाही. गेटपासून माझ्या खिडकीपर्यंत पेव्हर ब्लॉक परत खाली बसलेत. काल ह्यांचा पाय त्याच खड्ड्यात मुरगळला. मागचं काम चालू असतानाच मी घसा कोरडा करून सांगत होते, तेव्हा सगळ्यांना घाई होती.

सेक्रेटरी: काकू, काकांची सूज कशी आहे आता? कंत्राटदाराशी बोललोय. रविवारी येऊन खचलेले ब्लॉक काढेल, खाली वाळू घालेल आणि पुन्हा बसवून देईल.

ए-१ काकू: सूज आहे अजून. आणि परत वाळूच? ही तिसरी वेळ.

सी-३०४ दादा: वाळूने खड्डा भरू नका, कळकळीची विनंती. ब्लॉकखाली वाळूचा थर २५ ते ४० मिमी, बस. तो फक्त बैठक समान करायला असतो. जाड झाला की चाकाखाली सरकतो आणि तिथेच पुन्हा खड्डा. खळगा भरायचा तो खडी-मुरमाने, धुमस मारून. गाडीचं वजन खडीचा थर घेतो, वाळू नाही.

बी-२०२ काका: खालची ड्रेनेजची लाइन गळते आहे. आधी ती बदला, मग ब्लॉकचं बघा.

बी-४०३: एक विचारायचं होतं, रंग लाल-करडाच ठेवायचा का?

ए-१ काकू: रंगाचं नंतर बघू हो. इथे माणूस पडलाय.

खजिनदार: माझं मत मांडतो. उखडाउखडी नकोच. जुन्या ब्लॉकवर वाळू पसरून नवीन टाकले तर दोन दिवसांत काम होईल, गाड्याही हलवायला नकोत.

ए-१ काकू: चालणार नाही. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर राहता. मागच्या वेळी असंच चढवत नेलं म्हणून माझा उंबरा आणि अंगण एका पातळीला आलंय. जोराचा पाऊस आला की पायपुसणं तरंगतं. आतल्या भिंतीचा रंग गुडघ्यापर्यंत फुगलाय, येऊन हात लावून बघा.

खजिनदार: काकू, मी वाईट हेतूने म्हणालो नाही.

ए-१ काकू: हेतूबद्दल मी काही म्हटलेलं नाही.

सी-३०४ दादा: काकूंचं बरोबर आहे. भिंतीतला ओल अडवणारा थर बाहेरच्या फरशीच्या वर किमान १५ सेंमी राहिला पाहिजे. तो बुजला की पाऊस आणि जमिनीची ओल थेट भिंतीत चढते. शिवाय हलणाऱ्या ब्लॉकवर ब्लॉक टाकला तर वरचाही हलणारच.

बी-२०२ काका: परत टाकतो. खालची ड्रेनेजची लाइन गळते आहे. आधी ती बदला.

डी-१०३: गेटवरच्या त्या हिसक्याने माझी दुचाकी न धुताच स्वच्छ होते, सगळी माती झडून जाते 😄

ए-१ काकू: तुझ्या वयाला गंमत वाटते, बाळा. ह्यांचं वय सत्तर.

डी-१०३: सॉरी काकू. रविवारी सामान उचलायला मी येतो.

सी-३०४ दादा: संध्याकाळी खाली गेलो होतो, सोबत डी-१०३ होता. खड्ड्याच्या मधला एक ब्लॉक काढला. सांध्यातली वाळू चाकूने कोरली आणि दोन पेचकस घालून दोन्हीकडून उचकटला. खाली चार बोटं वाळू, ओली आणि काळी पडलेली. तिच्यात सळई दाबली तर नुसत्या हाताने वीतभर आत गेली. दोन हात बाजूला दुसरा ब्लॉक काढून तीच सळई लावली, तिथे बोटभरही जाईना. खड्डा कसा पसरलाय तेही नीट बघा. तो गोल नाही, गेटपासून चेंबरपर्यंत सरळ पट्टा आहे.

बी-२०२ काका: मी काय सांगत होतो? ओल आहे म्हणजे गळतीच. लाइन बदला.

सी-३०४ दादा: काका, तुमचं म्हणणं तपासूनच बघितलं. चेंबरकडचं पाइपचं तोंड बोळा कोंबून बंद केलं, वरच्या चेंबरमधून पाणी भरलं आणि खडूने रेघ मारली. ४० मिनिटं बसलो होतो, पाणी रेघेखाली गेलं नाही. पाइप धड आहे. पाइप टाकताना खणलेला चर मात्र नुसता माती लोटून बुजवलाय. आत विटांचे तुकडे आणि गोणपाटाची चिंधी निघाली. ती सैल माती वर्षभर दबत राहते आणि वरचे ब्लॉक तिच्यासोबत खाली जातात. ओल वरूनच येते, कारण सांधे उघडे पडलेत आणि ढाळ भिंतीकडे झालाय.

बी-२०२ काका: म्हणजे कारण पाइपाशीच आहे ना. तेच म्हणतोय मी चार दिवस. ग्रुपवर कुणी वाचतच नाही.

सेक्रेटरी: वाचलं काका. खरंच तुमच्यामुळेच तिथे बघितलं गेलं. आभारी आहे.

सी-३०४ दादा: अजून एक. बागेच्या बाजूचे कडेचे कर्बचे दगड नाहीत. ब्लॉक एकमेकांना धरून उभे असतात, कड सुटली की ते बाहेर सरकायला लागतात. तिथे सांध्यात माझं बोट जातं. सांधा ३ मिमीच्या आसपास हवा.

खजिनदार: कर्बचे दगड गुलाबाचा वाफा केला तेव्हा निघाले. मी तेव्हा लेखी कळवलं होतं.

बी-१०२ वहिनी: नाव घेऊन बोला ना सरळ. वाफा मी केला, पण तेव्हाच्या कमिटीला विचारून केला. दगड तुमच्याच माणसाने उचलून पंपाच्या खोलीमागे ठेवलेत, अजून तिथेच आहेत. आणि पाणी मी झारीने घालते, नळीने नाही.

ए-१ काकू: वहिनी, तुझ्या गुलाबांवर माझा राग नाही गं. सकाळी खिडकी उघडली की तेच दिसतात.

बी-१०२ वहिनी: कळतंय काकू. एक वीत वाफा आत घेते. रोपं शनिवारी कुंड्यांत काढून ठेवीन. दगड काँक्रीटमध्ये पक्के बसवा, नुसते मातीत रोवू नका.

बी-४०३: जुने आणि नवे ब्लॉक मिसळले तर पांढरट डाग दिसतील का? रंगाचं कुणी बोललंच नाही.

सी-३०४ दादा: पांढरी पूड येते ती सिमेंटमधला चुना वर येऊन. पावसाने, वापराने हळूहळू जाते. अॅसिड ओतू नका, ब्लॉकचा पृष्ठभाग खरवडतो. आपले बरेचसे ब्लॉक धड आहेत, धुऊन तेच वापरू. मात्र गेट ते वळण हा भाग ६० मिमीच्या ब्लॉकचा आहे. गाड्या आणि पाण्याचा टँकर तिथेच वळतात, तिथे ८० मिमी घ्यावेत. निघालेले ६० मिमीचे पायवाटेला लावू. आणि वळणावर मांडणी माशाच्या काट्यासारखी तिरकी करू. सरळ ओळी चाकाच्या पिळाने रांगच्या रांग सरकतात.

सेक्रेटरी: मंजूर समजू? मग कंत्राटदाराला नेमकं काय सांगायचं ते एकदा लिहून द्या, नंतर वाद नको.

सी-३०४ दादा: चर पूर्ण उकरायचा, सैल माती बाहेर. भरताना १० सेंमीचे थर, प्रत्येक थरावर प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबायचं मशीन. मुरूम मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल. वर १५ ते २० सेंमी खडीचा थर, ढाळ तिथेच काढायचा, वाळूत नाही. मग २५ मिमीचे दोन पाइप टाकून फळीने वाळू ओढायची आणि त्या वाळूवर पाय द्यायचा नाही. खाली दगडाची भुकटी चालणार नाही, तिचा बारीक चुरा पाणी धरून ठेवतो. सांध्यात सिमेंटचं पाणी ओतू नका, ते महिन्यात तडकतं. कोरडी बारीक वाळू झाडूने भरायची, कॉम्पॅक्टर फिरवायचा, परत भरायची. काही आठवड्यांनी अजून एकदा. कॉम्पॅक्टरला रबरी पट्टा लावायला सांगा, नाहीतर ब्लॉकचे कोपरे उडतात.

खजिनदार: एवढं सगळं म्हणजे गाड्या किती दिवस बाहेर?

सी-३०४ दादा: चार धरा. थर घाईने टाकले तर पुढच्या वर्षी हाच ग्रुप, हीच चर्चा.

खजिनदार: ठीक. माझी गाडी शुक्रवारी रात्री हलवतो. जुन्यावर नवीन टाकण्याचं माझं म्हणणं मागे घेतो.

बी-२०२ काका: परत टाकतो. उघडलंच आहे तर पाइपाच्या सांध्यांना एकदा हात लावून घ्या. वर खडी पडली की पुन्हा बघता येणार नाही.

सी-३०४ दादा: बघू काका. चर उघडला की तुम्हाला खाली बोलावतो, तुमच्यासमोरच बुजवू.

ए-१ काकू: आणि ढाळ? माझ्या दारापासून गटारापर्यंत ६ मीटर आहे.

सी-३०४ दादा: मीटरला २ सेंमी धरला तर ६ मीटरला १२. दारापुढचे जुने थर काढले की तेवढी जागा मिळते. दोरी बांधून आधी तुम्हाला दाखवतो, मगच वाळू पडेल.

ए-१ काकू: दोरीवर पाणसळ मी स्वतः लावून बघणार. रविवारी काम सुरू करायच्या आधी खिडकीतून हाक मार.