जिल्हा परिषद शाळेच्या छतावर सौरसंच: नेट मीटर पुरेसा आहे की बॅटरीही घ्यावी?

प्रश्न (मुख्याध्यापक, माण तालुका, जि. सातारा)

नमस्कार. आमच्या शाळेच्या तीन खोल्यांवर स्लॅब आहे, जुन्या दोन खोल्या कौलारू आहेत. गावाने लोकवर्गणी काढून शाळेवर सौरसंच बसवायचे ठरवले असून एका पुरवठादाराने ३ किलोवॅटचा, नेट मीटरवर (म्हणजे जादा वीज बाहेर पाठवून तिचे युनिट बिलातून वजा होतील असा) चालणारा संच सुचवला आहे. बिल थकल्यामुळे शाळेची वीज मागे दोनदा तोडली गेली होती. आता बिल नियमित भरले जाते, पण दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान वीज हमखास जाते. मुले टीव्हीसमोर धडा पाहत बसलेली असतात आणि पडदा काळा होतो. आठ पंखे, दहा ट्यूबलाइट, दोन टीव्ही, एक संगणक आणि टाकीत पाणी चढवणारी अर्ध्या अश्वशक्तीची मोटर एवढाच आमचा वापर आहे. संच केवढा घ्यावा, बॅटरी घ्यावी का आणि ‘पीएम सूर्यघर’चे अनुदान शाळेला मिळेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त विद्युत अभियंता, पुणे)

मुख्याध्यापक महोदय, नेट मीटरवरचा बिनबॅटरीचा संच बाहेरची वीज गेली की भर उन्हातसुद्धा बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला शाळेकडून उलट आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून इन्व्हर्टर (पॅनलची वीज आपल्या वापरातल्या विजेत बदलणारे यंत्र) स्वतःहून उत्पादन थांबवतो. तो बिघाड नव्हे, सुरक्षेची सोय आहे. पण पुरवठादाराने सुचवलेल्या संचाने आपले बिल कमी होईल आणि टीव्हीचा पडदा मात्र काळाच राहील. त्यामुळे बॅटरी जोडता येणारा हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा आणि टीव्ही, संगणक व पंखे यांचे वायरिंग वेगळे काढून तेवढेच बॅटरीवर ठेवावे. मोटर बॅटरीवर मुळीच घेऊ नये.

आपण दिलेला सगळा भार, मोटर वगळून, सव्वा किलोवॅटच्या आसपास जातो. रोज पाच तास धरले तरी सहा युनिट होतात. आपल्याकडे १ किलोवॅटमधून वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट मिळतात, तेव्हा २ किलोवॅट पुरेसे आहे. उरलेली वर्गणी बॅटरीला लागेल.

नेट मीटर तरीही घ्यावाच. मे महिन्यात ऊन सर्वांत कडक आणि शाळेला सुट्टी, म्हणजे जवळजवळ सगळी वीज बाहेर जाते. जमा युनिटचा वार्षिक हिशेब ३१ मार्चला होत असल्यामुळे मे महिन्यातली शिल्लक पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत शाळेला वापरता येते. सौरसंच बसला म्हणजे बिल शून्य झाले, असे मात्र ग्रामसभेत सांगू नये, कारण स्थिर आकार भरावाच लागतो. २०२४ साली सुरू झालेली ‘पीएम सूर्यघर’ योजना घरगुती ग्राहकांसाठी आहे. तिचे अनुदान शाळेला मिळणार नाही.

उत्तर (शिक्षिका, धाराशिव जिल्हा)

सर, आमच्या शाळेचा अनुभव सांगते, कारण त्याची हळहळ अजून जात नाही. देणगीदाराने मोठ्या मनाने संच दिला, उद्घाटन झाले आणि दोन वर्षांत तो बंद पडला. आमच्या इमारतीला जिनाच नव्हता. पॅनल धुवायचे तर दरवेळी गावातून शिडी मागून आणावी लागे, म्हणून ते धुतलेच जात नव्हते. कबुतरांची विष्ठा आणि मैदानातली धूळ यांचा खरवडूनही निघेना असा थर जमला होता. बॅटऱ्या ॲसिडच्या होत्या. उन्हाळी सुट्टीत त्यांत डिस्टिल्ड वॉटर घालायला कोणी नव्हते, आणि जूनमध्ये झाकणे उघडली तेव्हा आतल्या प्लेटा कोरड्या दिसत होत्या. लोखंडी जिना, त्याच्या तळाशी कुलूपबंद दार आणि छतावर पाण्याचा नळ हे तिन्ही खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावेत, ही कळकळीची विनंती. परवडत असेल तर लिथियम बॅटरी घ्यावी, तिला पाणी घालावे लागत नाही.

उत्तर (बांधकाम पर्यवेक्षक, सांगली)

कौलारू खोल्यांचा विचार सोडून द्यावा. २ किलोवॅटला साधारण २०० चौरस फूट मोकळी जागा पुरते, ती स्लॅबवर मिळेल. स्लॅब आधीच गळत असेल तर वॉटरप्रूफिंग पॅनलच्या आधी करावे. नंतर सांगाडा काढून ते करणे फार महागात पडते. स्लॅबला भोके पाडण्याऐवजी काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करता येतो, परंतु स्लॅब ते वजन पेलेल की नाही, हे अभियंत्याकडून लेखी घ्यावे. इमारत जिल्हा परिषदेची असल्याने तिचीही लेखी परवानगी लागेल.

पाण्याच्या टाकीची सावली कुठपर्यंत येते, तेही पाहावे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात, त्या दिवसांत सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता ती स्लॅबवर खडूने आखून घ्यावी. एकाच साखळीत जोडलेल्या पॅनलपैकी एकावर सावली आली तरी सगळ्यांचे उत्पादन घटू शकते. अर्थिंग आणि वीजरोधक यांत काटकसर नको. वळवाच्या विजा आपल्या भागाला नवीन नाहीत आणि खाली मुले बसतात.

मुख्याध्यापक

सर्वांचे मनापासून आभार. आमच्याही इमारतीला जिना नाही, हे बाईंचे उत्तर वाचेपर्यंत लक्षातच आले नव्हते. शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. २ किलोवॅटचा हायब्रिड संच, लिथियम बॅटरी आणि जिना असे नवे दरपत्रक मागवण्याचा ठराव तिथे मांडतो. सावली आखण्याचे काम सातवीच्या मुलांना भूगोलाच्या तासाला देणार आहे; टाकी स्लॅबच्या दक्षिण टोकाला आहे, त्यामुळे ते टाळून चालणार नाही.