पहिला रमजान हॉस्टेलवर: सहेरीला उठवणार कोण?

खाडीकाठची (सोमवार, रात्री ११.१०)

सलाम, नमस्कार.

मी १९ वर्षांची, दापोली तालुक्यातली. यंदा फार्मसीच्या पहिल्या वर्षाला पुण्यात आलेय, हॉस्टेलवर राहते. पुढच्या बुधवारी, १८ फेब्रुवारीला, शाबानची म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्याची २९ तारीख. त्या संध्याकाळी चांद दिसला तर गुरुवारी पहिला रोजा, नाहीतर शुक्रवारी. म्हणजे दहा दिवसही राहिले नाहीत आणि माझी तयारी म्हणाल तर खजुराचं एक पाकीट, तेही अर्धं संपलेलं.

घरी असते तर आत्ता काय चाललं असतं ते डोळे मिटून सांगू शकते. शब-ए-बरात झाली की दादी तांदूळ धुऊन पडवीत जुन्या चादरीवर पसरते. वाळले की गिरणीत. सांदणांचं पीठ वेगळं, भाकरीचं वेगळं, आणि डबे अदलाबदल करणाऱ्याची खैर नाही. अब्बा कुवेतला असतात. तिकडून सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून खजूर, टँगचा डबा आणि विमटोच्या दोन बाटल्या येतात. गेल्या वर्षी एक बाटली बॅगेतच फुटली आणि ज्यांनी आणली त्या काकांचे सगळे शर्ट जांभळे झाले. अब्बांचा रमजान बहुतेक वेळा आमच्या एक दिवस आधी सुरू होतो. पहिल्या दिवशी फोन करून "माझा एक झाला, तुम्ही बसा चांद शोधत" असं चिडवल्याशिवाय त्यांचा इफ्तार होत नाही.

आणि सहेरीला, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्याला, दादी उठवते. आधी दारातून हाक, मग दिवा, मग पायाचा अंगठा ओढणं. अंगठ्याची पाळी आल्याशिवाय मी उठलेय असं झालेलं नाही. मशिदीच्या भोंग्यावरून "सहेरी का वक्त खत्म होने में दस मिनट बाकी हैं" ऐकू येतं तेव्हा माझ्या तोंडात घास असतो आणि डोळे बंद.

इथे मेस साडेसातला उघडते. खोलीत किटली चालत नाही, मागे तीन जणींच्या जप्त झाल्या. फ्रिज नाही. खोलीत आम्ही तिघी, बाकी दोघींना रोज्यांबद्दल फारसं माहीत नाही आणि मी अजून विषय काढलेला नाही.

शिवाय गेल्या रमजानचे माझे सहा रोजे राहिलेत (कसे राहतात ते मुलींना सांगायला नको). तेव्हा सीईटीचा अभ्यास होता, म्हटलं नंतर करू. मग ॲडमिशन, मग हॉस्टेल, मग सबमिशन. आत्ता शाबानमध्ये जाग आलीय. पहिला कजा (राहिलेला रोजा भरून काढणं) नीट झाला. दुसऱ्याला, गेल्या गुरुवारी, पाचचा अलार्म लावून झोपले आणि डोळे उघडले ते सात वाजता. फोन उशीखाली थरथरून थरथरून गप्प झाला होता. काही न खाता-पिता दिवस काढला. अकरापासून डोकं असं ठणकत होतं की प्रॅक्टिकलला ब्युरेटमध्ये दोन-दोन रेषा दिसायला लागल्या.

तर: न शिजवता सहेरीला काय खाता येईल? डोकेदुखीचं काय करायचं? आणि जागं कसं व्हायचं? त्या गुरुवारचा रोजा हिशोबात धरायचा की नाही, हेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

मिरजकर (सोमवार, रात्री ११.५२)

वालेकुम सलाम. मी हिंजवडीत कामाला, आमच्या फ्लॅटवर पाच जण, त्यातले तीन रोजेदार. सहा वर्षांचा अनुभव आहे, म्हणजे सहा वर्षांच्या चुका.

डोकेदुखी भुकेची नाही, चहाची आहे. दिवसाला किती कप घेतेस? तीन-चार असतील तर आजपासूनच एकेक कमी कर. पहिल्या रोज्याला एकदम तोडलास की दुपारी डोकं धरून बसणार, हे ठरलेलं. मी पहिल्या वर्षी ऑफिसच्या जिन्यात बसलो होतो, वॉचमन पाणी घेऊन आला आणि त्याला रोजा आहे म्हणून सांगताना मलाच रडू यायला लागलं. आता शाबान लागला की दोन कपांवर येतो, शेवटच्या आठवड्यात एक, तोही संध्याकाळी.

खाण्याचं म्हणशील तर सातूचं पीठ. आमची आई गहू आणि डाळं भाजून दळून देते, वेलदोडा घालून. दूध किंवा पाणी, गूळ, चमच्यानं ढवळलं की झालं. गॅस नको, किटली नको. गूळ आधीच किसून डब्यात ठेव, पहाटे कोण किसत बसतंय? जोडीला केळं आणि मूठभर भाजके शेंगदाणे. रात्रीची बिर्याणी सहेरीला अजिबात नको. आमच्यातला एक जण दरवर्षी पहिल्या रात्री सुक्कं मटण हाणतो आणि दुपारी तीनला त्याची जीभ टाळ्याला चिकटलेली असते.

कौसरबाग आणि मोमीनपुऱ्याला एकदा जाऊन ये मैत्रिणींबरोबर, रमजानमधला तिथला खाऊचा बाजार बघण्यासारखा असतोय. पण पहिल्या आठवड्यात नको, गर्दीत पाय ठेवायला जागा नसते आणि महिन्याचा पॉकेटमनी तिथंच संपतो. स्वानुभव.

रोज्याचं टेन्शन घेऊ नकोस. उठायला झालं नाही तरी दुपारच्या आधी नियत, म्हणजे रोजा ठेवायचा निश्चय, केली की चालतंय.

---

खोली नंबर १०२ (मंगळवार, सकाळी ९.३०)

मी रोजे करत नाही, श्रावणी सोमवार आणि चतुर्थी एवढंच. पण तुझ्या खोलीतल्या "बाकी दोघी" आहेत ना, त्यांच्यातली मी एक होते. एम.एस्सी.ला असताना माझी रूममेट महिनाभर रोजे ठेवायची. पलीकडच्या कॉटवरून काय वाटतं ते सांगते.

अलार्मचा त्रास होत नाही. खरंच. एकदा वाजला, बंद झाला, कूस बदलून झोपतो माणूस. त्रास होतो कॅरीबॅगचा. पहाटे पाचला कुणीतरी तुमची झोप मोडू नये म्हणून अगदी हळूहळू, जपून जपून कॅरीबॅगची गाठ सोडत असतं. तो कुरकुर आवाज दहा मिनिटं चालतो. पाच दिवस सहन केलं, सहाव्या दिवशी मी उठून दिवा लावला आणि म्हटलं, "बाई, फाडून टाक ती पिशवी!" ती बिचारी इतकी घाबरली की तिच्या हातातलं केळं पडलं. त्यानंतर आम्ही चांगल्या मैत्रिणी झालो.

तर सगळं आदल्या रात्री प्लास्टिकच्या डब्यात काढून ठेव. स्टीलचा नको, झाकण फरशीवर पडलं की मजला उठतो. आणि विषय आजच काढ. त्यांना पहिल्या पहाटे कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. माझ्या रूममेटने सांगितलंच नव्हतं, मला वाटायचं हिला झोपेत चालायची सवय आहे.

---

बाणकोटची चाची (मंगळवार, दुपारी २.१५)

पोरी, तुझ्या गावाच्या पलीकडच्या खाडीची मी. चाळीस वर्षं महाडला काढली, मराठी शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त.

आधी मिरजकरांसाठी. भाऊ, तुम्ही सांगितलंत ते तुमच्या हनफी मसलकात (पंथात) रमजानच्या रोज्यासाठी बरोबर आहे. पण ही दापोलीची आहे, आम्ही कोकणी बहुतेक शाफई. आमच्यात फर्ज म्हणजे बंधनकारक रोज्याची नियत फजरच्या, पहाटेच्या नमाजच्या वेळेच्या, आधीच व्हायला हवी, आणि रोजची वेगळी. आणि ती गुरुवारचं विचारतेय तो कजा आहे. कजाला तर तुमच्यातही रात्रीच नियत लागते.

आता तुझ्यासाठी. नियत म्हणजे मोठ्याने म्हणायचं वाक्य नव्हे, ती मनात असते. उद्या रमजानचा कजा रोजा ठेवायचा आहे, हे मनात धरून तू अलार्म लावलास ना? मग रोजा झाला. सहेरी चुकली म्हणून रोजा मोडत नाही. सहेरी सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत आहे, तिच्यात बरकत आहे, पण ती रोज्याची अट नाही. एवढं मात्र आत्तापासून अंगवळणी पाड: रात्री झोपताना नियत करूनच उशीला डोकं टेकायचं. पहाटे जाग आली तर उत्तम, नाही आली तरी रोजा हातचा गेला नाही.

राहिलेले चार आता सोडू नकोस. पंधरा शाबाननंतर रोजे ठेवू नयेत असं कुणी सांगेल, ते नफली म्हणजे ऐच्छिक रोज्यांबद्दल आहे, कजाला हरकत नाही. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांचे राहिलेले रोजेही शाबानमध्ये पुरे होत असत असं हदीसमध्ये आहे, तेव्हा तू काही जगावेगळी आळशी नाहीस. पण कारण नसताना पुढचा रमजान ओलांडलास तर आमच्यात कजाबरोबर फिदयाही द्यावा लागतो, रोजामागे एका गरिबाचं धान्य.

आणखी एक गोष्ट कुणी सांगणार नाही. गावच्या मशिदीचं टाइमटेबल फोनमध्ये असेल तर ते काढून टाक. पुणं आपल्या पूर्वेला, तिथे सगळं दोन-तीन मिनिटं आधी होतं. इफ्तारला उशीर झाला तर काही बिघडत नाही, पण सहेरीला शेवटच्या मिनिटापर्यंत खाणाऱ्यांपैकी दिसतेस तू. पुण्याचं टाइमटेबल घे. सुरुवातीला पावणेसहाच्या सुमाराला वेळ संपेल, महिनाअखेरीस वीस-एक मिनिटं अलीकडे येईल.

तुम्हा मुलांचं नशीब, की रमजान थंडीत सरकलाय. १९८६ साली तो मे-जूनमध्ये होता. शाळेला सुट्टी, पण विहिरीला नाही. दुपारी दोन हंडे डोक्यावर घेऊन चढ चढायचा, पाणी मानेवर सांडायचं आणि ओठांपर्यंत येऊ द्यायचं नाही. सासूबाई वरून बघत असायच्या.

---

मिरजकर (मंगळवार, दुपारी ३.४०)

चाची, कजाचं मला खरंच माहीत नव्हतं. माझेही मागच्या वर्षीचे दोन आहेत, टायफॉइडमध्ये गेलेले. बरं झालं वेळेत कळलं, नाहीतर मी दुपारी बाराला आठवण झाली की नियत करणार होतो.

---

खाडीकाठची (गुरुवार, रात्री ९.०५)

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, पण आधी सांगते, आज तिसरा कजा झाला. व्यवस्थित.

चहा दिवसाला चार होता. मंगळवारी तीन, काल दोन. आज दुपारी डोकं थोडं जड होतं, पण ब्युरेटची रेषा एकच दिसली.

मंगळवारी रात्रीच विषय काढला. लातूरच्या रूममेटचा पहिला प्रश्न, "पाणीपण नाही?" हा प्रश्न मला आयुष्यात इतक्यांदा विचारलाय की उत्तर तोंडात तयार असतं. दुसरीने विचारलं, "मग त्या महिन्यात माझी मॅगी तुझ्यासमोर खाल्ली तर चालेल का?" म्हटलं खा, वास आला तर मी बाल्कनीत जाईन. कॅरीबॅगचा किस्सा त्यांना वाचून दाखवला. लातूरवाली लगेच म्हणाली, "हो, हे मात्र पाळ."

सातूचं पीठ नाक्यावरच्या दुकानात मिळालं. पहिल्यांदा पाणी जास्त झालं आणि भिंतीला लावायच्या लांबीसारखं दिसायला लागलं. पण पोटात राहतं, चारपर्यंत भूक नाही लागली. मेसच्या मावशींना विचारलं तर रात्रीच्या दोन पोळ्या आणि सुकी भाजी डब्यात ठेवू देणार आहेत. फक्त वांग्याच्या दिवशी माझं मी बघायचं. कुराण एक पूर्ण करायचं ठरवलंय. रोज एक पारा, म्हणजे कुराणाचा तिसावा भाग. एका पाऱ्याची साधारण वीस पानं, प्रत्येक नमाजनंतर चार. मधले दिवस सुटतील ते आधी-नंतर भरून काढायचे आहेत, त्याचा हिशोब वहीच्या शेवटच्या पानावर मांडलाय आणि तो आत्ताच चुकतोय.

आता उठण्याचं. अब्बांना म्हटलं तुम्ही फोन करा, तर ते म्हणाले, तुझे पाच वाजतात तेव्हा माझे अडीच, मला कोण उठवणार? मग दादी म्हणाली, मी करते. दादीचा साधा बटणांचा फोन आहे. तिला आलेला फोन उचलता येतो आणि हिरवं बटण दोनदा दाबून शेवटच्या नंबरला लावता येतो. म्हणून रात्री झोपण्याआधी मी तिला शेवटचा फोन करायचा, म्हणजे पहाटे तो माझ्याचकडे येईल. घरात रेंज नाही, ती ओटीवर येऊन पायरीवर बसते.

ठरलं असं की ती रिंग देणार, मी कट करायचा. कट केला म्हणजे उठले. पैसे जात नाहीत म्हणून दादी खूश.

आज पहाटे ४.५० ला रिंग आली. मी कट केला. लगेच परत आली. परत कट केला. तिसऱ्यांदा उचलला तर पलीकडून, "कट तर झोपेतपण होतो गो. बोल काहीतरी."

म्हटलं, "उठले दादी."

"उठलीस तर दिवा लाव."

मी सांगितलं दिवा नाही लावता येत, रूममेट झोपल्यात. त्यावर ती थोडा वेळ गप्प. मागे आमचा कोंबडा ऐकू येत होता, तो नेहमीच वेळेच्या आधी ओरडतो. मग म्हणाली, "मग पायाचा अंगठा ओढ. दोन्ही."

ओढले.