शब्दचर्चा: ‘नाइट’ला मराठीत काय म्हणायचं? सरदार, शिलेदार की बारगीर?

अर्धाअनुवाद
मध्ययुगीन युरोपातल्या लढायांवरचं एक जाडजूड पुस्तक मराठीत आणायचं काम अंगावर घेतलं आहे. ‘नाइट’ (knight) म्हणजे तिकडचा किताबवाला चिलखती घोडेस्वार. त्याला आपल्याकडे सर्रास ‘सरदार’ लिहितात. मीही तेच लिहिलं आणि चाळीस पानं सुखाने गेली. मग पगाराचा तक्ता आला.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डच्या फौजेत बॅनरेटला रोजचे ४ शिलिंग, नाइटला २, त्याच्या खालच्या स्वाराला (स्क्वायर वगैरे) १ शिलिंग आणि पायी तिरंदाजाला २ पेन्स. शिलिंगाचे १२ पेन्स. म्हणजे नाइट तिरंदाजाच्या बारापट महाग. पण बॅनरेट म्हणजे स्वतःच्या निशाणाखाली इतर नाइट घेऊन येणारा माणूस. खरा सरदार तो. मग त्याच्या हाताखालचे कोण? माझं वाक्य असं झालं: ‘सरदार आपल्या बारा सरदारांसह दाखल झाला.’ बायकोने वाचून विचारलं, पंगत होती का?

शब्द तसाच ‘नाइट’ ठेवला तर वाचक रात्र समजतो. ‘नाइटचा हल्ला’ लिहून पाहा. मदत करा.

बखरवाचक
शिलेदार. चर्चा संपली. स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, स्वतःचा पोशाख घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार. मुळात फारसी-अरबी ‘सिलाहदार’, म्हणजे हत्यारबंद. सरकारी पागेतला घोडा मिळतो तो बारगीर. बखरकार सभासदाने शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. शिलेदार त्याहून वेगळे. तुमचा नाइट आपला घोडा आपणच आणतो, म्हणजे शिलेदार झाला की नाही?

खंदकातला
चर्चा संपली म्हणणाऱ्याच्या धाग्यावर नेहमी शंभर प्रतिसाद येतात, बखरवाचकसाहेब.

नाइटचा घोडा त्याचा, हे अर्धंच खरं. एडवर्डच्याच फौजेत मोहिमेच्या सुरुवातीला घोड्यांची किंमत ठरवून याद्या करत. कोणाचा, कोणत्या रंगाचा, किती पौंडांचा. घोडा मोहिमेत मेला की ती रक्कम राजा भरून द्यायचा. या याद्या आजही दफ्तरात आहेत आणि इतिहासकारांना त्यातून सैन्य कळतं. आता आपला शिलेदार आठवा. त्याचा घोडा पडला म्हणजे त्याचं पोटच पडलं. म्हणून शिलेदार घोडा जपून लढतो ही तक्रार मराठी फौजेत कायमची. नाइटच्या मनात ती भीती तितकी नव्हती, निदान पगारी मोहिमेत तरी.

शिवाय सगळ्या नाइटांकडे जमीन नव्हती. कितीतरी जण मोठ्या उमरावाच्या घरी जेवून-खाऊन राहायचे. घोडा धन्याचा, चिलखत धन्याचं. तो बारगीरच झाला.

बखरवाचक
घोड्याच्या भरपाईचं माहीत नव्हतं. पण म्हणून शिलेदार रद्द होत नाही. एक पायरी खाली आला इतकंच.

नेकारकाठ
मी जर्मनीत राहते, म्हणून थोडं नाक खुपसते. इथे नाइटला ‘रिटर’ म्हणतात, म्हणजे सरळ घोडेस्वार. फ्रेंच ‘शेव्हालिए’, स्पॅनिश ‘काबायेरो’, इटालियन ‘काव्हालिएरे’, सगळे घोड्यावरूनच आलेले. फक्त इंग्रजी वेगळ्या वाटेने गेली. जुन्या इंग्रजीतला ‘क्निख्त’ म्हणजे पोरगा, पोऱ्या, चाकर. त्याचाच सख्खा भाऊ जर्मन ‘क्नेख्त’. तो बिचारा आजतागायत शेतावरचा गडीच राहिला. भावकीत एकाला पाटीलकी मिळावी आणि दुसऱ्याने जन्मभर त्याच्याच शेतावर राबावं, तसं.

तेव्हा ‘नाइट’मध्ये आधी चाकरी आहे, मग घोडा, आणि सरदारकी सगळ्यात शेवटी.

मोल्सवर्थ_उशाला
नेकारकाठताई, घोड्याचीही गंमत सांगतो. ‘शेव्हालिए’ आणि ‘काबायेरो’ यांच्या मुळाशी लॅटिन ‘काबाल्लुस’ आहे. उमद्या घोड्याला रोमन लोक ‘एक्वुस’ म्हणत. ‘काबाल्लुस’ म्हणजे ओझ्याचं तट्टू. युरोपातला सगळा मानमरातब त्या तट्टावर बसून आला. आणि आपला ‘बारगीर’? फारसीत बार म्हणजे ओझं, गीर म्हणजे घेणारा. ओझ्याचं जनावर! तट्टावरून दोन्हीकडे लढवय्याचं नाव निघालं. एवढं जुळणारं जोडपं सोडून सरदार कशाला हवा? मी बारगीरच्या बाजूने.

(हाच बारगीर बंगालमध्ये ‘बर्गी’ होऊन अंगाईगीतात बागुलबुवा म्हणून बसला आहे. १७४० च्या दशकातल्या स्वाऱ्यांची आठवण. पण तो वेगळा धागा.)

अर्धाअनुवाद
व्युत्पत्ती छान आहे, पण वाचकाला बारगीर म्हटल्यावर मान दिसत नाही हो. नाइटला कंबरेला पट्टा बांधून, तलवार देऊन, समारंभाने करतात. बारगिराला कोणी समारंभाने केलं?

अडीचघर
बुद्धिबळवाल्यांचं ऐका. आपण त्याला ‘घोडा’ म्हणून मोकळे झालो आहोत. भारतातून इराण, अरबस्तान करत खेळ युरोपात गेला तोवर तो घोडाच होता. वर माणूस बसला तो युरोपात. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर १८३१ मध्ये मुख्यतः वॉलरसच्या सुळ्यांतून कोरलेल्या सोंगट्यांचा साठा सापडला, बाराव्या शतकातला, नॉर्वेकडे घडवलेला असावा. त्यातले नाइट बघा: बुटके, केसाळ घोडे आणि त्यांवर पाय लोंबकळत बसलेले गंभीर बुवा. आणि आपण ज्याला हत्ती म्हणतो त्या जागी पायी शिपाई आहेत. त्यातले काही तर चक्क स्वतःची ढाल चावताहेत.

आपलं ‘प्यादं’ आणि इंग्रजांचं ‘पॉन’ मात्र एकाच पावलातून निघाले. एक फारसीतून, एक लॅटिनमधून. दोन्हींच्या मुळाशी ‘पद’.

सरकारी_कागद
आणि भांडारकर? रामकृष्णपंतांना १९११ मध्ये ‘सर’ मिळालं. त्याआधी १८४२ मध्ये जमशेटजी जीजीभॉय. दोघेही कायद्याने नाइट. संस्कृतच्या प्रकांड पंडिताला शिलेदार म्हणायचं की बारगीर? मराठी वर्तमानपत्रांनी शहाणपणा केला. ‘सर हा किताब’ असं लिहून ते पुढे गेले.

खंदकातला
हसू नका, मुद्दा बरोबर आहे. किताब आणि लढवय्या हे वेगळे होत गेले आणि ते मध्ययुगातच सुरू झालं. १२७८ मध्ये एडवर्डने हुकूम काढला की ज्याला जमिनीचं उत्पन्न वर्षाला २० पौंड आहे त्याने नाइट व्हायलाच हवं. हुकूम काढावा लागला, कारण लोक टाळत होते! समारंभाचा खर्च, चिलखताचा खर्च, वर सरकारी कामं गळ्यात. पुढे १४१५ मध्ये अ‍ॅजिनकोर्टला गेलेल्या इंग्रजी फौजेतले बहुतेक चिलखती लढवय्ये नाइट नव्हतेच. त्यांना नुसतं ‘मॅन-अ‍ॅट-आर्म्स’ म्हणत.

म्हणून अर्धाअनुवाद, पुस्तकभर एकच शब्द चालवू नका. लढाईच्या वर्णनात ‘चिलखती स्वार’ लिहा. त्यात नाइटही येतात आणि किताब नसलेलेही. चाकरी, पगार, घोडे यांचा हिशेब असेल तिथे ‘शिलेदार’. किताबाबद्दल, समारंभाबद्दल, घराण्याबद्दल असेल तिथे ‘नाइट’च ठेवा, आधी एकदा समजावून सांगून. ‘सरदार’ फक्त बॅनरेटला आणि त्यावरच्यांना.

शुद्धमराठी
शिलेदार, बारगीर, सरदार... सगळे यावनी शब्द. महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवला? ‘अश्ववीर’ म्हणा.

मोल्सवर्थ_उशाला
राज्यव्यवहारकोशाबद्दल पूर्ण आदर. पण तो राजदरबाराच्या कारभारासाठी होता आणि त्यानंतरही पेशवाईच्या कागदांत शिलेदार हा शिलेदारच राहिला. ‘अश्ववीर’ ऐकून मला वर्गणी मागायला आलेलं मंडळ आठवतं. आणि तुमचा ‘किल्ला’ अरबी, ‘खंदक’ फारसीतून अरबीत जाऊन आलेला, ‘बालेकिल्ला’ फारसी. वेढ्याचं प्रकरण काय ‘परिखा’ लिहून करायचं?

शुद्धमराठी
परिखा चांगला शब्द आहे.

सातारकर_राव
हे असूद्या. स्क्वायरचं काय केलं राव?

अर्धाअनुवाद
‘उमेदवार’ लिहिलं होतं. निवडणुकीला उभा राहिल्यासारखा वाटतो, खरं आहे.

बखरवाचक
ढालाईत! फ्रेंच ‘एस्क्यूये’, त्याच्या मुळाशी लॅटिन ‘स्कुतारियुस’: ढाल वाहणारा. आपल्याकडे ढालाईत आहेच. ढाल-तलवारवाला चाकर, पुढे सरदाराच्या दारचा शिपाई. इतका नेमका जोड मिळायला नशीब लागतं. आणि तिकडे स्क्वायर पुढे गावचा जमीनदार झाला, इकडे ढालाईत चपराशी झाला. नेकारकाठताईंच्या भावकीसारखंच.

सातारकर_राव
मानलं राव तुम्हाला. हा शब्द घ्याच.

नेकारकाठ
चिलखताचं काय करताय? इथल्या संग्रहालयात कड्यांचं आणि पत्र्याचं शेजारी शेजारी ठेवलेलं असतं. मराठीत दोन्हींना चिलखत म्हटलं तर दोनशे वर्षांचा फरक पुसला जातो.

खंदकातला
‘कडीचं चिलखत’ आणि ‘पत्र्याचं चिलखत’. साधं लिहा. ‘चेन मेल’ हा शब्दही मध्ययुगातला नाही, नंतरच्या हौशी लोकांनी पाडलेला. तेव्हा नुसतं ‘मेल’ म्हणत. फ्रेंच ‘माय’ म्हणजे जाळ्याचा आस, म्हणजे त्यातलं भोक. आपल्याकडे यासाठी ‘जिरह’ होता आणि तो एका शब्दात अजून जिवंत आहे: जिरेटोप. त्यातलं जिरे म्हणजे फोडणीतलं नव्हे, लोखंडी कड्यांचं विणकाम. मानेवर कड्यांची झालर सोडलेला लोखंडी टोप तो खरा जिरेटोप. नाटकवाल्यांनी आणि कॅलेंडरवाल्यांनी त्याचं पागोटं केलं.

आणखी एक. पंधराव्या शतकातलं डोक्यापासून पायापर्यंतचं पत्र्याचं चिलखत साधारण २० ते २५ किलोंचं. वजन अंगभर वाटलेलं असायचं. घालून पळता येतं, घोड्यावर चढता येतं. तेव्हा ‘अवजड चिलखतामुळे पडलेला नाइट उठू शकेना’ असलं वाक्य मूळ पुस्तकात असेल, तर पुस्तक जुनं आहे.

अर्धाअनुवाद
आहे. पान ११२. पुस्तक जुनं आहे.

अडीचघर
जुनं म्हणजे ओमानच्या काळचं? चार्ल्स ओमानचा मध्ययुगीन युद्धकलेवरचा निबंध १८८५ चा. त्याच्या लेखी नाइट म्हणजे शूर पण बेशिस्त, हल्ला ठोकायचा एवढंच ठाऊक. बेल्जियमच्या फेरब्रुखेनने १९५४ मध्ये दाखवलं की ते लहान तुकड्यांत एकत्र सराव करत, निशाणाभोवती जमत, परत फिरून पुन्हा हल्ला करत. त्या तुकडीला फ्रेंचमध्ये ‘कोंरुआ’.

बखरवाचक
पथक. पेशवाईतलं पथक म्हणजे घोडेस्वारांची तुकडीच. गणपतीच्या ढोलांनी तो शब्द पळवला, परत आणा.

अर्धाअनुवाद
घेतलं. आता क्रॉसबो. मी ‘चापकमान’ लिहिलं आहे, कारण त्याला बंदुकीसारखा चाप असतो.

मोल्सवर्थ_उशाला
अहो, संस्कृतात चाप म्हणजेच धनुष्य! चापकमान म्हणजे धनुष्यधनुष्य. पाव-ब्रेड.

सातारकर_राव
पण ‘चाप ओढला’ म्हटल्यावर आमच्याकडं कुणाला धनुष्य आठवत नाही, बंदूकच आठवते. संस्कृत येणारे चार जण हसतील, बाकीच्यांना कळेल. ठेवा.

नेकारकाठ
मलाही चापकमान आवडलं. ११३९ च्या लॅटरन धर्मसभेने ख्रिश्चनांवर ते चालवायला बंदी घातली, कुणी ऐकलं नाही, आणि ११९९ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड त्याच्याच जखमेने मेला, फ्रान्समधल्या शाल्यू गावी. ‘शालू’ छापू नका.

अर्धाअनुवाद
शेवटचं. आजच्या बेल्जियममधली, १३०२ ची कोर्ट्रेकची लढाई. फ्लँडर्सच्या शहरांतल्या विणकर-कसायांच्या पायदळाने फ्रेंच स्वारांची दाणादाण उडवली आणि मेलेल्यांच्या टाचांवरचे सोन्याचे मुलामे दिलेले स्पर काढून चर्चमध्ये टांगले, म्हणतात पाचशे जोड. म्हणून ‘सोनेरी स्परांची लढाई’. स्परला शब्द? आपण नुसतं ‘टाच मारली’ म्हणतो, लोखंड लावलेलं नसतानाही.

खंदकातला
टाचकाटा. मराठी माणूस टाच मारणं जाणतो, त्याला काटा जोडून द्या. ‘सोनेरी टाचकाट्यांची लढाई’.

शुद्धमराठी
सुवर्णकंटक.

अर्धाअनुवाद
आणि फ्लँडर्सवाल्यांचं हत्यार: जाडजूड सोटा, टोकाला लोखंडी खिळा. नाव ‘गुडेंडाग’. आज वाचलं तर अर्थ ‘नमस्कार’!

सातारकर_राव
मग काय, ‘रामराम’ म्हणा. घोड्यावरून आला की पहिला रामराम, खाली पडला की शेवटचा.

अर्धाअनुवाद
😂 नाव तसंच ठेवून तळटीपेत रामराम देतो. आत्ता बसलेलं वाक्य बघा:

‘११ जुलै १३०२ रोजी आर्त्वाच्या रोबेरने पथकांना हल्ल्याचा हुकूम दिला. चिलखती स्वार खंदक ओलांडून आले, पण पायदळाची भिंत फुटली नाही. शिलेदारांमागून ढालाईतही त्याच गर्दीत सापडले.’

खंदकातला
शब्द बसले. फक्त ‘खंदक’ काढा. मी म्हणतोय म्हणजे बघा. तिथे घोडे अडले ते मुख्यतः ओढ्यांनी, मैदानातून वाहणाऱ्या. ‘ओढे आणि चर’ लिहा.

शुद्धमराठी
परिखा वाचली.