डासांचे विषाणू: होस्टला ‘यजमान’ आणि रेझिस्टन्सला काय?

खानापूरकर:
आमच्या मराठी शाळेच्या भित्तिपत्रकासाठी डासांतून पसरणाऱ्या विषाणूंवर दोन पानं लिहितोय. एखादा विषाणू पिढ्यान् पिढ्या मागे लागला की होस्ट, म्हणजे विषाणू ज्याच्या अंगात शिरून वाढतो तो जीव, कसा बदलत जातो, असा विषय आहे. दोन शब्दांवर गाडी अडलीय. होस्टला ‘यजमान’ लिहिलं, तर ‘डास यजमानांना चावतो’ वाचून घरात हशा पिकला. रेझिस्टन्सला, म्हणजे विषाणूला अंगात वाढू न देण्याला, ‘रोगप्रतिकारशक्ती’ लिहिलंय. वाक्य असं आहे: ‘ऑस्ट्रेलियातल्या सशांनी मिक्झोमा विषाणूविरुद्ध रोगप्रतिकारशक्ती निर्माण केली.’ चालेल काय?

निपाणीच्या बाई:
हसणारच की हो. आपल्याकडं बायका नवऱ्याला यजमान म्हणतात आणि कन्नडमध्ये यजमान म्हणजे घरचा कर्ता, मालक. सत्यनारायणाला पाटावर बसतो तोही यजमानच. ‘पोशिंदा’ बघा. मुलांना ‘जगाचा पोशिंदा’ ऐकून माहीत असतो.

उचगाव:
पोशिंदा आपणहून पोसतो, बाई. ससा काय विषाणूला जेवायला बोलावतो? जुन्या ग्रंथांत ‘पोषक’ आणि ‘आश्रय’ दिसतात, पण ‘पोषक’ म्हटलं की आता नाचणीचं सत्त्व आठवतं. माझं मत यजमानलाच. पाहुणा नकोसा असला तरी ज्याच्या घरी उतरला तो यजमानच. दोनदा वाचलं की हसू जातं.

टिळकवाडी:
प्रयोगशाळेत काम करतो म्हणून थोडं लांबवर लिहितो. यजमान ठेवा. पण तो कोणाला म्हणायचं ते आधी ठरवा, कारण डासाच्या बाबतीत घोळ होतो.

मिक्झोमा हा सशांना मारणारा विषाणू. तो डासाच्या अंगात वाढत नाही. आजारी सशाला चावताना सोंडेला लागतो आणि पुढच्या सशाला टोचला जातो. इथं डास निव्वळ वाहक, यजमान फक्त ससा. डेंग्यूचं तसं नाही. तो एडिस जातीच्या डासाच्या मादीच्या पोटात शिरतो, तिथं वाढतो, साधारण आठ-दहा दिवसांनी लाळेत उतरतो आणि मग ती मादी मरेपर्यंत तो पसरवत राहते. म्हणजे डेंग्यूला माणूस यजमान, आणि डास यजमानही आणि वाहकही. डासाच्या पेशी विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय धागा, कापून त्याला आवरत असतात. पूर्ण हाकलत नाहीत, पण त्याच्यामुळं फारशा खंगतही नाहीत.

आता तुमचं वाक्य. नाम चालेल, क्रियापद चुकलंय. सशांनी काहीही ‘निर्माण’ केलं नाही. 1950 मध्ये ऑस्ट्रेलियात हा विषाणू मुद्दाम सोडला, कारण सशांनी कुरणं फस्त केली होती. पहिल्या साथींत लागण झालेल्या शंभरातले नव्व्याण्णवच्या वर ससे मेले. जे वाचले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत उपजतच काही वेगळं होतं, तेच पिलांत उतरलं. ऑस्ट्रेलियातले विषाणूतज्ज्ञ फ्रँक फेनर आणि सहकाऱ्यांनी रानातल्या सशांची पिलं दर साथीनंतर आणून त्यांना एकाच ठरावीक ताकदीचा विषाणू टोचून पाहिला. सुरुवातीला सुमारे नव्वद टक्के मरत होती. सात साथी सरल्यावर तीस टक्क्यांच्या खाली. एकाही सशानं व्यायाम केला नव्हता की काढा प्याला नव्हता.

2019 मध्ये संग्रहालयांत ठेवलेल्या जुन्या सशांचे नमुने आणि आजचे ससे यांचे जीन ताडून पाहिले, तेव्हा ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही ठिकाणी बऱ्याच अंशी तेच जीनभेद वाढलेले दिसले. हे भेद सशांत साथीच्या आधीपासून विरळ होतेच.

म्हणून मी लिहीन: ‘विषाणूला दाद न देणारे ससे उरले, आणि पुढच्या पिढ्यांत त्यांचीच संख्या वाढली.’

खानापूरकर:
‘दाद न देणारे’ आवडलं. पण ते बोलीतलं झालं. मथळ्यात नाम लागेल की.

उचगाव:
प्रतिकार म्हणा, शक्ती गाळा. शक्ती आली की लोकांना च्यवनप्राश आठवतो. शिवाय ती एका माणसाची असते, कमी-जास्त होते, औषधानं वाढते असं वाटतं. पिढीजात गोष्टीला ‘उपजत प्रतिकार’ पुरे.

निपाणीच्या बाई:
आमच्या पोरांचं वेगळंच. वर्गाबाहेर कन्नड पत्रकं असतात, तिथं ‘रोगनिरोधक शक्ती’. दवाखान्याच्या भिंतीवर ‘रोगवाहक आश्रित रोग’. महाराष्ट्रातून आलेल्या पुस्तकात त्यालाच ‘कीटकजन्य आजार’. ‘निरोधक’ म्हटलं की दहावीची मागची बाकं खाली मान घालून हसतात, कारण सांगायला नको.

अजून एक. पोरं विचारतात, 2006 ला चिकुनगुनियानं आमची गावंच्या गावं आडवी झाली होती, मग आता आपल्यातही उपजत प्रतिकार आला काय? तेव्हा नावात ‘चिकन’ ऐकून लोकांनी कोंबडी सोडली होती, ते आजी लोक अजून सांगतात.

टिळकवाडी:
चिकन नव्हे बाई, तो टांझानियाकडच्या माकोंदे भाषेतला शब्द, वाकवून टाकणारा अशा अर्थाचा. सांधे धरून चालणारा रुग्ण ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको.

नाही, उपजत प्रतिकार आलेला नाही. 2006 ला ज्यांना तो ताप येऊन गेला त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे त्या विषाणूला ओळखून अडवणारी प्रथिनं, राहिली. ती त्यांच्यापुरती. बाळाला आईकडून मिळतात तीही काही महिन्यांत ओसरतात. 1973 मध्ये महाराष्ट्रातल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला याची साथ आली होती. नंतर तीन दशकं जवळपास शांतता. त्या काळात जन्मलेल्या कुणालाच या विषाणूची ओळख नव्हती, हे 2006 च्या भडक्याचं एक मोठं कारण. सशाला वर्षात अनेक वेतं होतात, आपली पिढी पंचवीस वर्षांची. शिवाय चिकुनगुनियानं शंभरातले नव्व्याण्णव मरत नाहीत. निवड व्हायची तर कुणी उरावं आणि कुणी जावं लागतं.

आणि ‘एकदा येऊन गेला की प्रतिकारशक्ती येते’ हे डेंग्यूला तर सरसकट लावूच नका. त्याचे चार प्रकार आहेत. एक येऊन गेला की त्या प्रकारापासून संरक्षण टिकतं, पण पुढं दुसरा प्रकार आला तर आजार जास्त गंभीर होऊ शकतो.

उचगाव:
मग तिसरा शब्द लागतो. विषाणू अंगात आहे, वाढतोय, पण आजार नाही, त्याला काय म्हणायचं? तुमच्या डेंग्यूवाल्या डासासारखं.

टिळकवाडी:
तो टॉलरन्स. पुस्तकी ‘सहिष्णुता’ नको, ती राजकारण्यांच्या भाषणात गेली. ‘सोसणं’ म्हणा. दाद न देणारा विषाणूला वाढू देत नाही, सोसणारा वाढू देतो पण कोलमडत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सोसणारा यजमान शेजाऱ्याच्या दृष्टीनं जास्त धोक्याचा.

विषाणूही बदलतो, तेवढी एक ओळ घाला. ऑस्ट्रेलियात फार जहाल मिक्झोमा मागे पडला, कारण ससा लवकर मेला की डासांना चावायला मिळेना. फार सौम्य असेल तर ससा लवकर बरा होतो, म्हणजे पसरायला वेळच मिळत नाही. मधल्या ताकदीचे टिकले.

जांबोटी रोड:
मध्येच घुसतो. आमच्या जंगलपट्ट्यात माकडताप आहे, त्याचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. तोही घालणार काय?

टिळकवाडी:
तो गोचिडातून येतो, डासातून नाही. क्यासनूरच्या जंगलात 1957 ला सापडला. वेगळं पान करा. डासांच्या पानात घातला की लोक डबकी बुजवतील आणि गोचीड तशीच राहतील.

खानापूरकर:
यजमान, वाहक, उपजत प्रतिकार, सोसणं. ठरलं. ‘निर्माण केली’ खोडलं.

निपाणीच्या बाई:
खाली एका ओळीत कंसात ‘रोगनिरोधक शक्ती’ पण टाका हो. परीक्षेत प्रश्न त्याच शब्दानं आला तर पोरांना कळायला पाहिजे. हसूदेत.